चांदीची सुई आणि डोंबिवलीची हवा

आमच्या डोंबिवलीत चांदी काळी पडते. सगळीकडेच पडते म्हणा, पण आमच्याकडे जरा जास्तच उत्साहाने पडते. एकीकडून कारखान्यांकडचं वारं, दुसरीकडून खाडीचा दमटपणा. लग्नाला घालायला म्हणून घासून लख्ख केलेले पैंजण त्याच जोडप्याच्या बाळाच्या बारशाला काढावेत तर लोखंडाचे वाटतात. लोकांना त्याचं काही वाटत नाही. घासायचे आणि घालायचे. मला मात्र त्या हवेचा भयंकर राग यायचा, कारण माझी सगळी पीएचडी चांदीच्या एका टोकावर उभी होती आणि ते टोक दर शुक्रवारी आमच्या घरी मुक्कामाला असायचं.

मी कल्याणच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. चाळिशीला टेकल्यावर पीएचडीचं खूळ डोक्यात शिरलं. आई आणि मी, आम्ही दोघीच कोपर स्टेशनजवळ राहतो. आई पालिकेच्या शाळेत शिक्षिका होती, आता निवृत्त आहे, म्हणजे शाळेतून निवृत्त आहे. माझ्यावरची तिची देखरेख अजून पूर्ण वेळ चालू आहे. माझे गाईड ठाण्यातल्या एका संशोधन संस्थेतले. त्यांना आम्ही सगळे नुसतं सर म्हणतो. सर निवृत्तीला आलेले, बोलणं अगदी नीटनेटकं, रागावले तरी 'अहो-जाहो' न सोडणारे. त्यांनी मला या वयात विद्यार्थिनी म्हणून घेतलं तेव्हा एकच अट घातली होती. म्हणाले, "घाई करायची नाही आणि मला आवडेल म्हणून काही सांगायचं नाही."

आम्ही काय बघत होतो ते सांगते, फार अवघड नाही. मोटारीच्या धुराच्या नळीत एक डबा बसवलेला असतो. इंजिनातून आलेला विषारी कार्बन मोनॉक्साइड त्यात शिरतो आणि बराचसा साधा कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो. हे काम करतो तो आतला उत्प्रेरक. ऑक्साइडच्या पृष्ठभागावर धातूची बारीक बारीक बेटं पेरलेली असतात, इतकी बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकाला ती दिसतच नाहीत. प्रश्न असा की वायूचं हे रूपांतर नेमकं कुठे होतं? बेटाच्या मधोमध, की काठावर? सरांचं म्हणणं, काठावर. आणि रूपांतर होता होता वायू तिथे घटकाभर कार्बोनेट होऊन बसतो, मग उठून जातो. हा मधला मुक्काम. सर हे गेली कित्येक वर्षं सांगत होते आणि इतर लोक कित्येक वर्षं नकारार्थी माना हलवत होते. कार्बोनेट असेलही, म्हणायचे, पण तो कोपऱ्यात पडून राहिलेला कचरा आहे, त्याचा कामाशी संबंध नाही. दाखवा बघू.

दाखवायचं तर तिथवर पोचायला हवं. त्यासाठी चांदीची सुई. चांदीची तार आम्लात धरून वीज सोडली की ती झिजत झिजत तुटते आणि मागे असं अणकुचीदार टोक राहतं की त्याच्यापुढे शिवणाची सुई म्हणजे मुसळ. हे टोक पृष्ठभागाच्या अगदी जवळ न्यायचं आणि त्याच्यावर लेझरचा किरण सोडायचा. प्रकाश त्या टोकाशी गोळा होतो आणि टोकाखाली जे काही बसलेलं असेल त्याच्यावरून विखरून परत येतो. परत येताना त्या पदार्थाची खूण घेऊन येतो. ती खूण संगणकाच्या पडद्यावर टेकडीसारखी उमटते. प्रत्येक पदार्थाची टेकडी आपापल्या जागी. अंधारात पायाने चप्पल चाचपावी तसं आम्ही त्या टोकाने बेटांचे काठ चाचपत होतो आणि कार्बोनेटच्या जागी टेकडी उठते का बघत होतो.

सुया बनवायची सोय माझ्या कॉलेजात, कल्याणला. यंत्र ठाण्याला, आणि मला ते मिळायचं फक्त शनिवारी. म्हणून शुक्रवारी दुपारी सुया करायच्या, एका प्लास्टिकच्या डबीत स्पंजावर टोचून घरी आणायच्या आणि शनिवारी सकाळी ठाण्याला घेऊन जायच्या. एवढ्याशा मुक्कामात चांदी मलूल व्हायची. टोकावर काळपट थर चढला की प्रकाश गोळा होत नाही, मग सगळा शनिवार फुकट. मी घरी आल्या आल्या डबी कपाटात ठेवायची आणि चहा होईपर्यंत डोंबिवलीच्या हवेला शिव्या घालायची. आई भाजी निवडता निवडता ऐकायची. "एवढी काळजी करण्यापेक्षा सोन्याची का नाही करत?" तिने एकदा विचारलं. मी तिला प्रकाश आणि चांदीचं नातं समजावलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे चांदीच पाहिजे. बरं."

त्यानंतर काही आठवड्यांनी माझ्या सुया एकदम सुधारल्या. शनिवारी डबी उघडावी तर टोकं टवटवीत. सर म्हणाले, "तुमचा हात बसला." मलाही तसंच वाटलं. मी कॉलेजातल्या माझ्या सहकाऱ्यांना तार कशी धरायची, वीज कधी तोडायची यावर व्याख्यान द्यायला लागले. आपलं कौतुक झालं की त्याचं कारण शोधायला कोण बसतं?

आणि मग ती टेकडी आली.

यंत्र सांभाळणारी माझी मैत्रीण तिथे होती. ती ठाण्याच्याच एका जुन्या गावठाणातली, किनाऱ्यावरच्या ख्रिश्चन शेतकरी घरातली. तोंडाने फटकळ आणि हाताने विलक्षण हळुवार. सुई काठावर नेऊन ठेवावी तर तिनेच. त्या शनिवारी तिने सुई नेली, वायू सोडला आणि पडद्यावर कार्बोनेटच्या जागी सरळ, उंच, टोकदार टेकडी उभी राहिली. ती म्हणाली, "अरे देवा, हे काय आलंय!" मी धावत जाऊन सरांना बोलावलं. सर आले, चष्मा वर केला, पडद्याच्या अगदी जवळ गेले. मग खुर्ची ओढून बसले. त्यांचा चेहरा मी कधी असा पाहिला नव्हता. परीक्षेचा निकाल लागलेल्या मुलासारखे ते बसल्या बसल्या पाय हलवत होते.

पुढचे काही शनिवार तसेच गेले. टेकडी कधी यायची, कधी नाही. नाही आली की आम्ही म्हणायचो, सुई काठावर नीट बसली नाही. आली की म्हणायचो, बसली. सरांनी एका मोठ्या परिषदेत यावर बोलायचं ठरवलं आणि आयोजकांना तसं कळवलंही. निवृत्तीआधीचं शेवटचं व्याख्यान, आणि विषय आयुष्यभर धरून ठेवलेला. माझं नाव त्यांच्या नावाशेजारी. सर संस्थेतल्या चहाच्या टेबलावर ज्याला त्याला सांगत सुटले. एरवी हा माणूस चहात साखर किती हेसुद्धा दोनदा विचार करून सांगणारा.

आईला मी घरी आल्यावर सांगितलं. तिने हातातलं लाटणं खाली ठेवलं, हात धुतले आणि माझ्या दोन्ही गालांवरून ओले हात फिरवले. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर मजकूर: आमच्या मुलीने आजवर कोणाला न दिसलेला कार्बोनेट पाहिला. त्यावर फुलं, टाळ्या, जोडलेले हात. तळमजल्यावरच्या काकूंनी विचारलं की गॅसवर काही औषध निघालं असेल तर त्यांच्या मिस्टरांसाठी हवं होतं. आईने त्यांना उभं करून उत्प्रेरक समजावला, जिन्यात, पिशवी हातात असताना. काकूंना काय कळलं माहीत नाही, पण त्या पुढे मला पाहिलं की बाजूला होऊन वाट द्यायच्या.

हे सगळं मोडलं ते एका रिकाम्या पट्टीमुळे. एका शनिवारी आमचा उत्प्रेरकाचा नमुना तापवायच्या भट्टीतून वेळेवर निघालाच नाही. मैत्रीण म्हणाली, "बसून काय करायचं? सोन्याच्या कोऱ्या पट्टीवर सुई तरी तपासू." सोन्याच्या कोऱ्या पट्टीवर काहीच नसतं. ना बेटं, ना ऑक्साइड, ना आम्ही वायू सोडला होता. तिने सुई खाली आणली. पडद्यावर तीच टेकडी, सरळ, उंच, टोकदार.

 मग तिने सुई पट्टीपासून वर उचलली. टेकडी होती तिथेच.

"ए, हे खाली नाहीये," ती हळू आवाजात म्हणाली. "हे आपल्या सुईलाच लागलंय काहीतरी."

तिने ती सुई इलेक्ट्रॉनच्या सूक्ष्मदर्शकाखाली घातली. टोकाच्या जरा वर, दांड्याला चिकटलेला पांढरट कण दिसला. कशाचा आहे तेही ते यंत्र सांगतं. त्याने सांगितलं, कॅल्शियम. आमच्या नमुन्यात कॅल्शियम नाही. तारेत नाही, आम्लात नाही, वायूत असायचा प्रश्नच नाही. मैत्रीण म्हणाली, "घरी रंगकाम काढलंय का? चुना-बिना?" काढलं नव्हतं. डबी उघडून स्पंज बाहेर काढला तर तळाच्या कोपऱ्यांत पांढरी पूड.

घरी आले तेव्हा आई सुकट भाजत होती. खिडक्या उघड्या, पंखा जोरात, घरभर खमंग धूर. मी दारातूनच विचारलं, "आई, माझ्या डबीत कॅल्शियम कुठून आलं?"

"कॅल्शियम? माझ्या गोळ्यांत असतं. पण त्या तर फ्रीजवर आहेत."

"गोळ्या नव्हे गं. सुयांच्या डबीत. पांढरी पूड आहे."

तिने गॅस बारीक केला. "अगं, तो खडू असेल," ती अगदी सहज म्हणाली. "चांदीत खडू ठेवला की काळी पडत नाही. माझ्या पैंजणांत नाही का ठेवलेला? तू रडायचीस ना दर शुक्रवारी, म्हणून मी तू आंघोळीला गेलीस की डबीत एक तुकडा टाकायचे. सकाळी तुझा डबा भरताना काढून घ्यायचे. तुला सांगितलं असतं तर तू ओरडली असतीस, लॅबची वस्तू आहे म्हणून." मग जरा अभिमानाने, "फरक पडलेला ना?"

पडला होता. चांदी खरंच टवटवीत राहिली होती. कपाटाच्या खालच्या खणात तिच्या शाळेतल्या खडूंची अख्खी खोकी होती. निवृत्त होताना वर्गातल्या मुलींनी तिला भेट म्हणून दिलेली. ती त्यांतला एकेक तुकडा पोरीच्या पीएचडीसाठी खर्च करत होती.

मला चिडायचं होतं. एरवी मी पाण्याची बाटली जागेवर नाही म्हणूनही चिडते. पण चीड आलीच नाही. मी तशीच चपला घालून जमिनीवर बसले आणि हसायला लागले, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. आई घाबरली. गॅस बंद करून माझ्यासमोर बसली आणि विचारत राहिली. खडू म्हणजे कार्बोनेटच, हे मी तिला सांगितलं. आम्ही जे शोधत होतो तेच तिने डबीत ठेवलं होतं. टेकडी खडूची होती.

ती जरा जवळ सरकली. मग म्हणाली, "म्हणजे ते तुम्हाला दिसलं, ते नाहीच?"

"असेलही. पण आम्हाला दिसलं ते ते नव्हतं."

"आणि सरांचं भाषण?"

"ते मागे घ्यावं लागेल."

तिने पदराने तोंड पुसलं. सुकट कढईत तशीच राहिली, आम्ही त्या दिवशी वरणभात खाल्ला.

सोमवारी कॉलेजातून रजा घेऊन मी सरांच्या खोलीत गेले. एका दमात सगळं सांगून टाकलं. सर टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत ऐकत होते.  मग त्यांनी विचारलं, "खडू साधा होता की धूळ न उडणारा?"

"धूळ न उडणारा, सर. आईला शाळेत दम्याचा त्रास व्हायचा म्हणून ती तोच वापरायची."

"तरीच." त्यांनी मान हलवली. "साध्या खडूत सल्फेट असतं. त्याची टेकडी दुसऱ्या जागी आली असती, आपण पहिल्याच दिवशी ओळखली असती. धूळ न उडणारा म्हणजे कार्बोनेट. बरोब्बर आपल्या जागेवर." आणि ते हसले. खळखळून नव्हे, नुसते ओठ हलले. मग उठून खिडकीशी गेले. "वायू बंद करून बघायला हवं होतं. मुक्काम जर खरा असेल तर वायू थांबल्यावर टेकडी जायला हवी. पहिल्या दिवशी हे माझ्या मनात आलं होतं. मी म्हटलं, वायू बंद केला की तापमान हलेल, सुई सरकेल, मग ती जागा पुन्हा सापडणार नाही. सगळी कारणं खरी होती. पण बाई, मला ती टेकडी गेलेली बघायचीच नव्हती."

 सरांनी माझ्या देखतच आयोजकांना फोन लावला आणि सरळ सांगितलं, आमच्या मापनात चूक सापडली आहे, व्याख्यान रद्द करा. कारण काय, म्हणून तिकडून विचारलं असावं. सर म्हणाले, "सुई अस्वच्छ होती." एवढंच. दुपारी चहाच्या टेबलावर मात्र त्यांनी पूर्ण गोष्ट सांगितली, खडूसकट, आणि त्यात माझ्या आईचा उल्लेख असा केला की जणू त्या प्रयोगातलं एवढं एकच काम मन लावून झालं होतं. टेबलावर सगळे हसले, पण ते सरांना हसणं नव्हतं. त्या दिवसापासून मला हा माणूस गाईड म्हणून मिळाला याचं जे वाटतं, ते मी त्यांना अजून तोंडावर सांगितलेलं नाही. इथे सांगते.

काम पुन्हा सुरू झालं. सर म्हणाले, घाई नाही. आता डबीऐवजी झाकणाची काचेची बरणी, तिच्यात नायट्रोजन भरलेला. दर वेळी आधी सोन्याच्या कोऱ्या पट्टीवर सुई तपासायची. ती स्वच्छ निघाली तरच पुढे. कित्येक शनिवार पडद्यावर सपाट माळरान. मैत्रीण जपमाळ ओढल्यासारखं म्हणत राहायची, "येईल गं, येईल." मला त्या सपाट रेषेची सवय झाली होती. सवय होत नव्हती ती घरच्या गोष्टीची.

आईने माझ्या वस्तूंना हात लावणं बंद केलं.

सुरुवातीला लक्षात आलं नाही. शनिवारी माझा डबा ओट्यावर नुसता उघडा ठेवलेला, पोळ्या एकीकडे, भाजी एकीकडे. "तू भर," ती म्हणाली, "तुझं तुला कळतं." मग माझी ओढणी दोरीवर वाळून दोन दिवस तशीच. मग टेबलावर पेन पडलेलं, तर आतून हाक, "हे उचलू का? पुसायचंय मला." मी म्हटलं, "आई, पेन आहे ते!" तर म्हणाली, "हो गं, पण तुझं आहे ना." बुद्धवंदना झाली की ती रोज माझ्या डोक्यावर हात ठेवायची. मी लहान असल्यापासूनचं आहे ते. तेही थांबलं. कारण विचारावं तर उठून स्वयंपाकघरात जायची. एकदा तळमजल्यावरच्या काकूंना जिन्यात सांगत होती ते मी वरून ऐकलं. "शाळेत मी पोरांना शिकवायचे, दुसऱ्याच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि स्वतः काय केलं? तिच्या सरांचं आयुष्यभराचं काम." आणि ती पायऱ्या उतरून गेली.

मी समजावलं. सर रागावले नाहीत, सांगितलं. चूक आमची, आम्ही तपासलं नाही, सांगितलं. तिने मान डोलावली आणि पुन्हा विचारलं, "हा टॉवेल घडी करू?" एकदा मी वैतागून ओरडलेच, "अगं, विचारू नकोस ना!" तर तिने टॉवेल होता तिथे ठेवून दिला. घर तेच होतं, पण कोणीतरी पाहुणी येऊन राहिल्यासारखी आई वागायची. मला सपाट रेषेची भीती नव्हती. मला भीती वाटायची की हे असंच राहील, आणि आम्ही दोघी एकमेकींशी अशाच सभ्यपणे वागत म्हाताऱ्या होऊ.

मग एका शनिवारी, सुई कोऱ्या पट्टीवर स्वच्छ निघाल्यावर, बेटाच्या काठावर काहीतरी उठलं. आधीच्या टेकडीसारखं नाही. बुटकं, पसरट, जरा बाजूला. मैत्रिणीने कोणी न सांगताच वायू बंद केला.  ते हळूहळू बसत गेलं. वायू सोडला, पुन्हा उठलं. बंद केला, बसलं. सुई थोडी बेटाच्या मधोमध नेली, काही नाही. काठावर आणली, उठलं. सर आले. त्यांनी खुर्ची ओढली नाही, पाय हलवले नाहीत. उभ्या उभ्या म्हणाले, "पुन्हा करा." मग, "दुसऱ्या सुईने करा." मग, "पुढच्या शनिवारी करा." पुढच्या शनिवारीही झालं, आणि त्याच्या पुढच्याही. तेव्हा सर मला म्हणाले, "आता आईंना घेऊन या."

आई तयार होईना. "नको गं. मी यायचे आणि परत काहीतरी बिघडायचं." मी म्हटलं, सरांचा निरोप आहे, नाही म्हणालीस तर त्यांना वाईट वाटेल. शिक्षकाचा निरोप तिला मोडता येत नाही. तिने ठेवणीतली पांढरी, निळ्या काठांची साडी नेसली. वाटेत मला विचारत होती, चपला काढायच्या का, बोलायचं का, फोन बंद करायचा का.

यंत्राच्या खोलीत शिरताना तिने दोन्ही हात पाठीमागे बांधले. सहलीला वस्तुसंग्रहालयात नेलेल्या पोरांना ती तसे हात बांधायला लावायची. मैत्रिणीने तिला हाताला धरून आत आणलं, "या आंटी, या, घाबरू नका, काय नाय होत." सर उठून उभे राहिले. "बसा बाई," ते म्हणाले. त्यांनी आपली खुर्ची तिला दिली, पडद्यासमोर.

मैत्रिणीने वायू सोडला. सपाट रेषेवर एका जागी फुगवटा आला आणि वाढत गेला. मी सांगत होते, आई बघ, हा तो मुक्काम, वायू आत्ता काठावर बसलाय. वायू बंद केला. फुगवटा विरत गेला. आई रेषेकडे बघत होती. हात अजून पाठीमागेच, पाठ ताठ. पुन्हा सोडला, पुन्हा उठला. पुन्हा बंद. ती थोडी पुढे झुकली.

"हे आपोआप होतंय?" तिने सरांना विचारलं.

"आम्ही फक्त वायू सोडतो, बाई. बाकी ते आपलं आपण."

"आणि आता यात माझं काही नाही ना?"

सर म्हणाले, "नाही. आम्ही तपासलंय."

तिने माझ्याकडे पाहिलं. मैत्रिणीने वायू सोडला होता, रेषा वर चढत होती. आईच्या कपाळाला आठी पडली. शाळेत एखाद्या मुलीचं उत्तर बरोबर आलं की ते तिनेच काढलंय की शेजारणीचं पाहून लिहिलंय हे बघताना तिच्या कपाळाला अशीच आठी पडायची. ती एकदम खुर्चीतून उठली. पाठीमागचे हात सुटले. पदराचं टोक तिने बोटाला गुंडाळलं आणि त्या महागड्या पडद्यावर, बरोबर त्या फुगवट्यावरून, खसाखस फिरवलं. मैत्रिणीने तोंडावर हात ठेवला. सर हलले नाहीत. आईने पदर बघितला, स्वच्छ होता. पडदा बघितला, फुगवटा तिथेच होता, हळूहळू वाढत होता.

"नाही गं," ती म्हणाली, "आहे खरं."

आणि माझ्या कपाळावर आलेले केस तिने त्याच हाताने मागे सारले, विचारल्याशिवाय.